पाच फुटी टाकीसाठी थव्याचे मासे निवडताना

मोठी टाकी घेणारं गिऱ्हाईक दिसलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मिक्स देऊ ना?" नको म्हणा. सहा निऑन, चार टायगर बार्ब, दोन एंजल, चार मॉली, एक शार्क आणि वर एक क्लीनर, असा माल पहिला आठवडा छान रंगीबेरंगी दिसतो. महिन्याभरात त्यातला अर्धा माल झाडांमागे दडलेला असतो आणि उरलेला एकमेकांच्या शेपट्या कुरतडत असतो. छोट्या टाकीत जे जमत नाही आणि मोठ्या टाकीत जमतं ते एकच, एका जातीचे पंचवीस-तीस मासे एकत्र ठेवणं. जाती कमी आणि संख्या मोठी. एवढं धरून ठेवलंत तर पुढचं बरंच सोपं होतं.

मालवणहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची खानावळ आहे. जेवणाच्या खोलीत पाच बाय दोन बाय दोन फुटांची टाकी आहे, आणि "वयनी, ह्ये तळून गावतले काय?" हा विनोद प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला आपणच पहिल्यांदा केला असं वाटतं. आत सुरमई, बाहेर टेट्रा, म्हणजे लहान शोभेचे मासे. तरी ताट येईपर्यंत लोक टाकीसमोरच उभे राहतात, आणि जाताना हमखास विचारतात की घरी करायचं तर कुठले मासे आणू. दर वेळी तेच बोलण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

आधी टाकीचा हिशेब. पाच बाय दोन बाय दोन म्हणजे वीस घनफूट, काठोकाठ भरली तर साधारण ५६५ लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली की प्रत्यक्षात पाणी ४८० लिटरच्या आसपास राहतं. पाणी, बारा मिलिमीटरची काच, वाळू आणि स्टँड मिळून वजन पाऊण टनाच्या घरात जातं. जुन्या कौलारू घरात लाकडी माळ्यावर ठेवायचा विचारही करू नका, तळमजल्याची पक्की जमीन हवी. थव्यासाठी उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. हे मासे आडवे धावतात. चार फूट उंच टाकी दिसायला भारी, पण रमिनोज टेट्रासारख्या थव्याच्या माशाला तिचा काही उपयोग नाही.

आता पाणी. मासे ठरवण्याआधी पाणी तपासा, कारण पाणी बदलण्यापेक्षा मासा बदलणं केव्हाही स्वस्त. आमची विहीर जांभ्यातली आहे. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, चुना जवळजवळ नाहीच, म्हणून पाणी मऊ. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आकडा ५०-६० च्या पुढे क्वचित जातो आणि पीएच (सातच्या खाली म्हणजे पाणी आम्ल) सहाच्या थोडा वर. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, आणि डोंगरउतारावर विहीर असेल तर तुमचंही बहुधा असंच निघेल. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या टेट्रांना हेच पाणी हवं असतं. कठीण पाण्याच्या शहरांतले हौशी लोक आरओ लावून जे पाणी बनवतात ते आपण रहाटाने ओढतो.

पण मऊ पाण्याची एक खोड आहे. फिल्टरमधले जिवाणू माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि त्या कामात पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, खर्च होत जाते. आपल्या पाण्यात ती मुळातच थोडी. ती संपली की पीएच घसरत सहाच्या खाली जातो आणि जिवाणूंचं काम मंदावतं. वरून काहीच दिसत नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ. यावर महागडी बाटली आणायची गरज नाही. तिसऱ्यांचं सुकं केलं की शिंपले उरतातच. ते ब्रशने घासून, उकळून, उन्हात वाळवून मूठभर जाळीच्या पिशवीत भरा आणि फिल्टरमध्ये टाका. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी जितकं आम्ल होईल तितका तो जास्त विरघळतो आणि पाणी सावरलं की आपोआप हळू होतो. मूठभरच टाका. टोपलीभर टाकलात तर टेट्रांसाठी मिळालेलं चांगलं पाणी हातचं घालवाल.

खाडीकाठच्या विहिरींची गोष्ट वेगळी. एप्रिल-मेमध्ये तिथलं पाणी मचूळ होतं आणि पावसात पुन्हा गोडं. वर्षातून दोनदा असं बदलणारं पाणी टेट्रांना मानवत नाही. तिथे मॉलींचा मोठा घोळका ठेवा, किंवा आपल्याकडचाच पारदर्शक काचमासा वीस-पंचवीस नगांत. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन घालवण्यासाठी अँटिक्लोरीनचे थेंब घाला किंवा पाणी पिंपात भरून दिवसभर हवेचा पंप लावून ठेवा. बोअरचं पाणी कठीण लागलं, म्हणजे साबणाला फेस येत नसेल आणि तांब्या-भांड्यांवर पांढरे डाग पडत असतील, तर टेट्रांचा हट्ट सोडा आणि रेनबो घ्या. त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

पाण्यानंतर उकाडा. मासे निवडायच्या पुस्तकी याद्या बहुतेक थंड देशांतल्या असतात, तिथे हीटर कुठला घ्यावा यावर पानंच्या पानं खर्ची पडलेली असतात. आपल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी तीस अंशांवर जातं. टाकीवर पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी निवतं खरं, पण किनाऱ्यावरच्या दमट हवेत देशावरच्याइतका फरक पडत नाही. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास, तीस अंशांना साडेसात. म्हणून जो मासा सव्वीस अंशांच्या वर धापा टाकतो तो कितीही देखणा असला तरी यादीतून काढा.

या चाळणीत पहिला जातो तो निऑन टेट्रा. सगळ्यांना तोच हवा असतो, आणि त्याला हवं असतं थोडं थंड, एकवीस ते पंचवीस अंशांचं पाणी. त्याचा भाऊ कार्डिनल मात्र रिओ नेग्रोच्या कोमट, काळ्या पाण्यातला. एकोणतीसपर्यंत तो मजेत असतो. दुकानात दोघे सारखेच वाटतात आणि निऑनच कार्डिनल म्हणून गळ्यात मारला जातो, तेव्हा तांबडा पट्टा बघा. निऑनचा पट्टा पोटाच्या मध्यापासून मागे जातो, कार्डिनलचा गालापासून शेपटीपर्यंत सलग असतो. कार्डिनल थोडा महाग पडतो, पण पहिल्या उन्हाळ्यातच पैसे वसूल होतात.

दुसरा जातो तो मिस केरला, आणि त्याचं मला वाईट वाटतं. हा आपल्याच सह्याद्रीचा मासा, शास्त्रीय नावातसुद्धा सह्याद्रिया. तांबडा-काळा पट्टा, टोकदार अंग, दहा जण एका दिशेने वळले की बघत राहावं. पण तो केरळच्या डोंगराळ, खळाळत्या, गार पाण्यातला. आपल्या बंद खोलीतल्या तीस अंशांच्या टाकीत त्याचे हाल होतात. नैसर्गिक अधिवासात तो संकटग्रस्त ठरलेला आहे, हे वेगळंच. चिलर, म्हणजे पाणी गार ठेवणारं यंत्र, परवडत असेल आणि पैदास केंद्रातला मासा मिळत असेल तरच त्याच्या वाटेला जा. झेब्रा डॅनिओ आपल्या देशातलाच आणि चिवट आहे, पण तोही गारव्यातच जास्त रमतो.

आता कोण कोणासोबत राहील. मी चार गोष्टी बघते, आणि पहिली आहे तोंडाचा आकार. ज्याच्या तोंडात दुसरा मावतो तो त्याला आज ना उद्या खाणारच, स्वभाव कितीही गरीब असो. एंजल लहान असताना कार्डिनलसोबत सहा महिने सुखाने राहतो. मग तो तळहाताएवढा होतो आणि रोज सकाळी मोजणीत एक कार्डिनल कमी भरतो. एंजल हवेच असतील तर सोबत काँगो टेट्रा किंवा ब्लीडिंग हार्टसारखे उंच अंगाचे टेट्रा ठेवा.

दुसरी, कुरतडायची सवय. टायगर बार्ब, सर्पे टेट्रा आणि काही प्रमाणात ब्लॅक स्कर्ट यांना लांब लोंबणारे पर दिसले की राहवत नाही. टायगर बार्ब पाच-सहा असतील तर टाकीतल्या सगळ्यांना छळतात. तेच पंधरा-वीस असले की त्यांचा निम्मा दिवस आपसात कोण मोठा हे ठरवण्यात जातो आणि बाकीच्यांची बरीचशी सुटका होते. तरीही गुरामी, एंजल किंवा काँगोचा नर त्यांच्यात सोडू नका. काँगोच्या नराची सगळी शोभा त्याच्या झालरीत आहे आणि पहिला हल्ला तिथेच होतो.

तिसरी गोष्ट वेग, आणि याकडे कोणीच बघत नाही. जायंट डॅनिओ आणि रोझी बार्ब हे पंगतीत वाढप्याच्या हातातूनच उचलणारे. ते कोणाला चावत नाहीत, कोणाशी भांडत नाहीत, सगळे त्यांना गरीबच म्हणतात. पण त्यांच्यासोबत ठेवलेली पर्ल गुरामी हळूहळू खंगत जाते, कारण ती दाण्याकडे वळेपर्यंत दाणा संपलेला असतो. खायला घालताना सगळ्यात चपळ माशाकडे बघू नका, सगळ्यात संथ माशाच्या तोंडात काय गेलं ते बघा. तिथे दोन-तीन दिवस काही गेलं नाही तर ती जोडी जमलेली नाही, भांडण दिसो वा न दिसो.

चौथी गोष्ट थर. काही मासे वर, काही मध्ये, काही तळाला. मोठा थवा मध्यावर ठेवा आणि तळाला वेगळा घोळका. दोन्ही थवे एकाच थरात आणि एकाच आकाराचे घेतलेत तर ते मिसळतात आणि दोन्हींची मजा जाते. वरच्या थरात फार गर्दी नको. आमच्याकडे दोन-तीन गुरामींवरच भागतं.

थव्याबद्दल एक गोष्ट मला पुस्तकातून नाही, दिराकडून कळली. तो रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला, जातो. नवे कार्डिनल सोडले होते, सगळे एका कोपऱ्यात घट्ट गोळा होऊन फिरत होते, आणि मी कौतुकाने बघत होते. तो जेवता जेवता म्हणाला, "भियाले हत ते." बांगडा-तारलीचे थवे आयुष्यभर बघणाऱ्याला हे लगेच कळतं. डोळ्यांनी आणि अंगावरच्या पार्श्वरेषेने मासे शेजाऱ्याची हालचाल टिपतात, आणि मागे कोणी लागलं की अंतर कमी करतात, म्हणजे शिकाऱ्याला एकावर नेम धरता येत नाही. दुकानाच्या उघड्या टाकीत झाड नाही, आडोसा नाही, समोर सतत माणसं, म्हणून तिथे सगळेच थवा करतात. घरी आल्यावर भीती गेली की बरेचसे टेट्रा पांगतात आणि फक्त खाताना किंवा दिवा लागताना एकत्र येतात. तेव्हा "मासे बिघडले, थवा करत नाहीत" अशी तक्रार घेऊन दुकानात जाऊ नका.

ज्याला कायम एकत्र पोहणारा थवाच हवा त्याने रमिनोज टेट्रा घ्यावा. माझ्या मते त्याच्यासारखा दुसरा नाही. निर्धास्त असतानाही वीस-पंचवीस जण टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकत्र जातात आणि एकत्र वळतात. दुसरा फायदा म्हणजे त्याचं लाल तोंड. पाणी बिघडायला लागलं की ते फिकट पडतं, आणि मी टेस्ट किट काढायच्या आधी तिथेच बघते. दुकानात मात्र प्रवासाच्या त्रासाने तो फिकटच दिसतो, त्यामुळे तिथे रंगावर जाऊ नका. पोट आत गेलेलं नाही ना, कल्ले भराभर हलत नाहीत ना, आणि समोर दाणा टाकल्यावर तो खातो का, एवढं बघा. दाणा टाकायला दुकानदार नाही म्हणाला तर बाहेर पडा. गुलाबी-निळे रंगवलेले ब्लॅक स्कर्ट किंवा काचमासे चुकूनही घेऊ नका. तो रंग बाहेरून चढवलेला असतो, काही महिन्यांत उतरतो, आणि चढवताना माशाचे जे हाल होतात ते वेगळेच.

तर मऊ विहिरीच्या पाण्याला, पाच फुटी टाकीत, मी सांगेन ते असं: तीस कार्डिनल, वीस रमिनोज, तळाला दहा-बारा स्टर्बाय कोरिडोरास आणि वर पर्ल गुरामीचा एक नर, दोन माद्या. कोरिडोरासमध्ये स्टर्बायच का, तर बाकीच्या बऱ्याच जाती गारव्यातल्या, हा मात्र उकाडा सोसतो. कोरिडोराससाठी खाली बारीक, धुतलेली नदीची वाळू हवी, नाहीतर त्यांच्या मिशा झिजतात. समुद्राची वाळू आणू नका. तिच्यात मीठही असतं आणि शिंपल्यांचा चुराही. जांभ्याचे तुकडे टाकीत चालतात, पाणी कठीण करत नाहीत, फक्त धारदार कडा घासून घ्या. परसातल्या देशी बदामाची गळून वाळलेली पानं चार-पाच टाका. पाणी चहासारखं पिवळसर होतं आणि कार्डिनलचा रंग त्यात उजळतो. शहरात हीच पानं पाकिटातून विकत मिळतात.

बोअरच्या कठीण पाण्याला बोसमनी रेनबो, बारा-चौदा. मूळचा न्यू गिनी बेटाच्या पश्चिम भागातल्या अयामारू सरोवरांतला, पुढून निळा, मागून नारिंगी, बोटापेक्षा मोठा होतो आणि उकाड्याचं त्याला काही नाही. नर-माद्या दोन्ही घ्या, माद्या समोर असल्या की नरांचा रंग खुलतो. लहानपणी हे मासे राखाडी दिसतात म्हणून दुकानात पडून राहतात. थोडा धीर धरणाऱ्याला तिथे स्वस्तात माल मिळतो.

दंगा आवडत असेल तर वीस टायगर बार्ब आणि तळाला सहा यो-यो लोच. मग दुसरं काही नको. क्लाउन लोच सुचवला जाईल, दोन इंचांचा, नारिंगी-काळा, गोजिरवाणा. तो फूटभर होतो आणि वीस वर्षांहून जास्त जगतो. बाला शार्कचंही तेच, पाच फुटांची टाकी त्याला कालांतराने अपुरी पडते. वाढलेला मासा विहिरीत किंवा ओहोळात सोडून देणारे लोक मला माहीत आहेत. क्लीनर म्हणून विकले जाणारे सकर मासे देशभरातल्या तळ्यांत असेच पसरले. असला मासा मुळात घ्यायचाच नाही.

मासे आणायच्या आधी टाकी महिना-दीड महिना रिकामी चालवा. फिल्टर सुरू करा आणि जाळीच्या पिशवीत एक सोललेली कोळंबी टाकून ठेवा. ती कुजते, अमोनिया तयार होतो, जिवाणू वाढतात. वास येईल, घरचे बोलतील. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागला की कोळंबी काढा, निम्मं पाणी बदला.

आमच्याकडे जवळ मोठं दुकान नाही. मासे कोल्हापूरहून घाट उतरून येतात किंवा कुर्ल्याच्या बाजारातून रात्रीच्या गाडीने. प्रवासासाठी थर्मोकोलची पेटी हवी आणि ती आपल्या बंदरावर ढिगाने पडलेली असते. फक्त आधी बर्फाच्या मासळीचा वास जाईपर्यंत धुऊन उन्हात वाळवा. निघण्याच्या आदल्या दिवशी मासे उपाशी ठेवायला दुकानदाराला सांगा. घरी आल्यावर पिशवी पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी वाटीभर टाकीचं पाणी त्यात घाला. आपलं पाणी फार मऊ असल्याने या कामाला तासभर द्या. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका, मासे जाळीने उचला. नवा माल दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवता आला तर उत्तम, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग तिथेच कळतो.

थवा फोडून, पाच-पाच करून आणू नका. एक जात एकदाच, पूर्ण. मग तीन आठवडे थांबून दुसरी जात. आधी तळाचे कोरिडोरास, मग रमिनोज, मग कार्डिनल, आणि जागेवर हक्क सांगणारी गुरामी सगळ्यात शेवटी. खायला बाजारचा बारीक दाणा, आठवड्यातून दोनदा उकडून बारीक चिरलेली कोळंबी, किंवा मीठ न लावलेला सुका जवळा भिजवून, वाळू धुऊन काढून, चुरून. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला.

शेवटी संख्या. ४८० लिटरला साठ-पासष्ट लहान मासे कमी वाटतील, आणि एखादा दुकानदार दीडशेही मावतील म्हणेल. मावतात, लाइट असेपर्यंत. आपल्याकडे पावसाळ्यात झाड पडलं की रात्रभर वीज नसते, फिल्टर बंद, हवा बंद, आणि पाणी अजून सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर. साठ मासे ती रात्र काढतात, दीडशे काढत नाहीत. बॅटरीवर चालणारे दोन हवेचे पंप घेऊन ठेवा, आणि मे संपायच्या आत एकदा चालवून बघा, कारण मृगाच्या पहिल्या वाऱ्यात लाइट जाते तेव्हा दुकानं बंद असतात.